झाकलेली पाटी

"राखच आहे तर झाकून कशाला नेतेस?" शंकोबाने बांधावरूनच हटकलं.

"वाऱ्यानं उडते, भावोजी," म्हणत धाकटीने डोक्यावरच्या पाटीचं फडकं आणखी घट्ट खोचलं आणि ती पुढे गेली.

वारा कुठला? झाडाचं पान हलत नव्हतं. शंकोबाच्या मनात पाल चुकचुकली.

शंकोबा हे नाव गावानं ठेवलेलं, आणि उगीच नाही. बायकोने वाढलेल्या ताटाचाही हा आधी वास घ्यायचा. धाकटी त्याच्या भावाची बायको. भाऊ नोकरीला लांब, शेत तिच्याच अंगावर. दोघांची भातखाचरं लागून, पाणी एकाच पाटाचं, बी एकाच पोत्यातलं. तरी गेल्या वर्षी खोडकिड्याने पोखरलं ते शंकोबाचंच भात. लोंब्या आल्या त्या पांढऱ्याफटक, आत दाणा नाही. यंदाही तसंच झालं तर घरात खायचे वांधे होते. या भीतीने त्याला नीट झोप लागत नव्हती.

"किडा तिकडून हाकलते आणि माझ्यात घालते," तो बायकोला म्हणाला.

"किडा म्हणजे काय शेळी आहे? ती सांगते तशी भाताच्या तुसाची राख घालून बघा की एकदा."

"फुकट सांगतेय ना? मग खरं नसणार. त्या पाटीत दुसरंच काहीतरी आहे."

तो तडक भातगिरणीवर गेला. मागे राखेचा हा एवढा ढीग.

"सगळी घेऊन जा बाबा, माझी जागा तरी मोकळी होईल," गिरणीवाला म्हणाला.

इतक्या सहज देतोय म्हणजे हाही तिला सामील! पण ढीगच उचलला तर तिला काय मिळणार? दिवसभर बैलगाडीच्या खेपा घालून शंकोबाने सारी राख आणली आणि चिखलणी झालेल्या आपल्या खालच्या खाचरात ओतली. आता नेऊन दाखव म्हणावं! लावणीला आलेल्या बायकांनी ती चिखलात तुडवून टाकली.

कापणीच्या सुमारास त्याच्या वरच्या खाचरांत पुन्हा त्याच पांढऱ्या लोंब्या. खालचं खाचर मात्र दाण्यांनी वाकलेलं. शंकोबाने तिथली एक काडी उपटून दाताने फोडायला घेतली. काडी अशी टणक की हिरडीतून रक्त आलं. आत अळी नव्हती. एका खाचरावर का होईना, पोटापुरतं घरात येणार होतं. त्याला रडूच कोसळायचं बाकी होतं.

"राखेनं काडी कडक होते, भावोजी. किड्याला आत शिरवत नाही." धाकटी बांधावर उभी होती. "गेल्या वर्षीच सांगितलं होतं. पण उघडं सांगितलेलं तुम्हाला पटतं कुठं? म्हणून यंदा पाटी झाकली."



धाकटी हसत निघाली. तिच्या डोक्यावरची पाटी आजही फडक्याने झाकलेली होती. शंकोबा हिरडीचं रक्त पुसत गुपचूप तिच्या मागे चालू लागला.