औषध प्यालेलं लाकूड

हिंदी मुलखातल्या गुढियारी वस्तीत दयाराम मेश्रामच्या अंगणातला पॅलेटचा ढीग काही केल्या संपत नसे. रेल्वेच्या मालधक्क्यावर जन्म काढून रिटायर झालेला हा माणूस घरी स्वस्थ बसेल तर शपथ! गोदामवाले माल रचायची लाकडी पॅलेटं मोडली की फेकून देत. हा ती उचलून आणी, जंबुरानं खिळे उपसी, रंधा मारी आणि बाकडी, टेबलं, स्टुलं तयार करी. नव्या कॅफेवाल्यांना खिळ्यांची भोकं दिसायलाच हवी असत. "भोकं पाहून खूश होतेत येडे," असं म्हणत तो भोकं तशीच ठेवी.

घरच्या सामानाची गोष्ट वेगळी होती. वाळवीशी त्याचं जुनं वैर होतं. तिनं त्याच्या दाराची चौकट आतून पोखरली होती आणि बायकोची, शेवंताची, माहेरून आलेली पेटी पार भुसा करून टाकली होती. तेव्हापासून घरात येणारी फळी अन् फळी तो ठोकून, उलटून, हुंगून घेई.

सून दीपमालाला मुलगी झाली, तिचं नाव सम्यका ठेवलं, आणि आजोबानं तिच्यासाठी कठड्याचा छोटा पलंग करायचं मनावर घेतलं. आता साधंसुधं लाकूड त्याला चालेना. शेवटी त्याला हवं ते शेतीच्या औषधांच्या एका गोदामात सापडलं. तिथं डबे फुटून दोन पॅलेटं चिंब भिजली होती आणि हिरवट डाग फळ्यांत खोल उतरले होते. हमालानं, दिवाकरनं, ती बाजूला काढून ठेवली होती.

"काका, ये मत लो. दवाई पिया हुआ है."

"अरे, तेच त पाहिजे मले," दयाराम हसला. "याले दीमक लागत नाही, खटमल लागत नाही. पोट्टी म्हातारी होईल, पलंग तसाच राहील!"

एवढी अक्कल पाजळून त्यानं फळ्या सायकलला बांधल्या. घरी आणून उन्हात घातल्या, डाग जाईपर्यंत रंधा मारला. वास गेला असं त्याला वाटलं. दिवसभर त्याच वासात काम करणाऱ्याच्या नाकाला दुसरं काय वाटणार? कठड्याचे कोपरे त्यानं पॉलिश पेपरनं इतके घासले, की गालाला लावून पाहिले तरी टोचू नयेत. मुलगा प्रफुल्ल वार्निशचा डबा घेऊन आला, तर त्याच्यावरच डाफरला.

"काहून आणलं हे? लेकरू चाटते ना! केमिकल पोटात जाईल तिच्या."

इतका जपणारा आजोबा आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, दुसरा नव्हता, हे मी खोटं सांगत नाही. जीव होता त्याचा तिच्यावर. म्हणूनच पुढचं सांगवत नाही.

सम्यका बसायला लागली. कठडा धरून डोलायची, त्याला तोंड लावायची. मग लाळ गळू लागली. लाळेनं झबली भिजू लागली. शेवंता म्हणाली, दात येऊन राहिले. शेजारणी म्हणाल्या, दातच. दीपमालानं गळ्यात लाळेरं बांधलं. लेकरू चिडचिडं झालं, दूध टाकू लागलं, तेही दातांच्याच नावावर गेलं. दयाराम बोटानं तिचा ओठ उचलून हिरड्या पाहायचा आणि दात आले म्हणून कौतुकानं सगळ्यांना सांगायचा.

एका दुपारी दीपमालानं तिला उचललं, तर मान लोंबली. अंगाला घाम होता आणि छातीत घरघर चालली होती. प्रफुल्ल कारखान्यात ड्यूटीवर होता. सासरा-सून रिक्षात बसून मोठ्या दवाखान्यात पोचले. डॉक्टरीणबाईंनी पापणी उचलली. बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी झाली होती. त्यांनी लगेच सुई लावायला सांगितलं आणि मागं वळून विचारलं, "घर में खेती की दवाई रखते हैं? कीड़े मारने की?"

"खेती ही नहीं है हमारी," दयाराम तडकून म्हणाला. "दवाई कहाँ से आएगी?"

तो खोटं बोलला नव्हता. औषध वेगळं आणि लाकूड वेगळं, अशीच त्याच्या डोक्यात वाटणी होती.

दीपमाला आत लेकरापाशी राहिली. बाहेर बाकावर दयारामच्या हातात तेवढं ओलं लाळेरं उरलं होतं. रडू दाबायला त्यानं ते तोंडाशी धरलं आणि त्याला वास आला. गोदामातला, फुटलेल्या डब्यांचा वास. रंध्यानं काढून टाकला म्हणून ज्याच्याबद्दल तो निश्चिंत झाला होता, तोच.

तो धडपडत आत गेला. डॉक्टरीणबाईंचा रस्ता अडवून त्यानं सगळं सांगितलं. कुठलं गोदाम, कसले डाग, कुठल्या फळ्या. त्यांनी त्याला दोष दिला नाही. विष कुठून गेलं ते कळलं हे बरं झालं, इलाज तोच चालू आहे, पण फार दिवसांचं अंगात भिनलंय, एवढंच म्हणाल्या. दयाराम भिंतीला पाठ लावून उभा राहिला. आयुष्यात इतकी भीती त्याला कधी वाटली नव्हती.

दिवेलागणीला सम्यकाचा श्वास थांबला.

दीपमाला बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणीही नव्हतं. ती सासऱ्याजवळ येऊन बसली आणि भांडण सांगावं तशी सांगू लागली.

"बाबा, ते नर्सबाई आल्यापासून मले विचारून राहिली, तोंडात काय देत होती म्हणून. मी काय देईन? बाजारातलं प्लास्टिकचं खेळणं मी तिले कधी तोंडात घालू देलं नाही. रडली की पलंगात ठेवत होती. म्हणलं, चाव बाई कठडा, आबाच्या हातचा आहे. तुमी सांगा ना त्याइले. माह्यावर शक घेऊन राहिले ते."

दयारामला वाटलं, गप्प बसावं. आज तरी गप्प बसावं. पण पोरीवर आळ येत होता.

"त्याच्यातच होतं, बेटा," तो म्हणाला. "त्या कठड्यातच. सगळ्यात चांगलं लाकूड म्हणून मीच निवडून आणलं होतं."

 दीपमालानं लेकराला पलंगात ठेवणारे स्वतःचे हात पदरानं पुसायला सुरुवात केली, आणि नर्स येऊन धरेपर्यंत ती पुसतच राहिली.