शिलाई मशीनवरचा गुरू

"बुध चपलांच्या रॅकवर बसलाय, आईच्या चपला घालून," म्हणत मुलगी दारापासून निघाली. शुक्र आरशासमोर केस विंचरत होता, पृथ्वी पिंपात पोहत होती आणि मंगळ तिखटाच्या डब्यात शिंकत होता. बाबा ग्रहांचे पत्ते हातात धरून तिच्या मागे चालत होते. खिडकीपाशी येऊन ती थांबली. तिथे शिलाई मशीन नव्हतं.

खेळ आईचा. ती प्राथमिक शाळेत शिकवायची. जे पाठ करायचं ते घरातल्या एकेका वस्तूवर बसवायचं, आणि चित्र जितकं येडपट तितकं डोक्यात पक्कं, हा तिचा नियम. घोकंपट्टीचं नाव काढलं की ती नाक मुरडायची. तिचा अख्खा वर्ग असाच घरभर हिंडून शिकला.

ती गेली आणि बाबांना घर खायला उठलं. मशीनकडे तर पाहवेना. काल पोर शाळेत असताना त्यांनी ते भंगारवाल्याला देऊन टाकलं. दृष्टीआड सृष्टी, असं त्यांना वाटलं होतं.

"गुरू," बाबांनी हळूच आठवण करून दिली. "तो जाड्या. चड्डी फाटली म्हणून शिवत बसलाय."

"गुरू येतो रे मला." ती रिकाम्या जागेकडे बघत म्हणाली. "आईचा आवाज येत नाहीये."

"म्हणजे?"

"दवाखान्यात आम्ही शेवटचा डाव खेळलो ना. आई म्हणाली, आता ग्रह पुरे, मलाच ठेव घरात. मग तिचा वास कपाटात ठेवला. हसणं आरशात. आवाज मशीनवर."

"मला का नाही सांगितलंत?"

"बाबा रडेल म्हणाली."

बाबा तसेच भंगारवाल्याकडे गेले. मशीनचे तुकडे झाले होते. कुठला भाग कुठल्या ढिगात गेला, त्यालाही सांगता येईना.  बाबा हात हलवत परत आले.

मुलगी अजून खिडकीपाशीच होती. बाबांनी तिथे खुर्ची ओढली, बसले आणि पाय खालीवर हलवू लागले. तोंडानं खडखड आवाज काढला. एरवी ती खो खो हसली असती.

"तसं नाही बाबा. आई मध्येच थांबायची."

बाबा थांबले. नळाचं पाणी तेवढं ठिबकत होतं. मुलीनं डोळे मिटले, मान जराशी वाकडी केली.

"अहो, ऐकताय ना?"

शेवटचा शब्द ओढलेला, किंचित चिडका. हुबेहूब.



"ऐकतोय," बाबा म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा पाय हलवायला सुरुवात केली.