बर्फाकडे जाणारी भोकं

मित्रांनो, मी एक जुना समुद्राचा नकाशा आहे. जुना म्हणजे रद्दी नव्हे, एवढं आधीच सांगून ठेवतो.

तीनशे वर्षांपूर्वी मी ॲमस्टरडॅमला जन्मलो. एका कारागिरानं मला तांब्याच्या पत्र्यावर कोरलं, दुकानदाराच्या सुनेनं डोळे फोडून रंगवलं, आणि कोपऱ्यात नाव कोणाचं? दुकानदाराचं! राबणाऱ्याचं नाव कुठं लागतं म्हणा. पण कारागीर सच्चा. उत्तरेला बर्फापलीकडे कोणीच गेलं नव्हतं, तिथं त्यानं कागद कोरा सोडला. माहीत नाही तिथं गप्प बसावं, एवढी अक्कल चार बुकं शिकलेल्यांनाही नसते.

पुढे देवमाशांच्या शिकारीला जाणाऱ्या ल्यूर्स कप्तानानं मला विकत घेतलं. तो कर्कटकाचं टोक रोवून अंतर मोजी, आणि प्रत्येक मुक्कामाला मला एक भोक पडे. शेवटच्या सफरीत खलाशी मला घेऊन परतले; त्याला बर्फातच ठेवून.

त्याच घराण्यातले ल्यूर्स आजोबा २००७ साली जर्मनीत वोल्फ्सबुर्गला राहत होते. त्यांची दृष्टी गेली होती. रोज सकाळी ते मला टेबलावर पसरत आणि बोटानं एकेक भोक चाचपत कप्तानामागून उत्तरेला जात. तेवढाच त्यांचा प्रवास उरला होता.

वरच्या मजल्यावरच्या मराठी कुटुंबातल्या तनयानं मला शाळेत दाखवायला मागितलं. आजोबा म्हणाले, "ने. पण आहे तसा परत आण."

तिच्या इंजिनिअर बापानं, पद्माकरनं, माझ्या कडा पाहिल्या आणि बायकोला हाक मारली.

"मीनल, हा फाटतोय गं! लॅमिनेटच करून देतो. माझी दहावीची मार्कशीट बघ, अजून कशी करकरीत आहे."

"अहो, आधी विचारा तरी त्यांना."

"विचारायचं काय त्यात? म्हातारा खूश होईल!"

मीठ, चरबी, थंडी सगळं सोसलेला मी. कॉपीशॉपमधल्या दोन तापल्या रुळांतून एका मिनिटात प्लास्टिकमध्ये चिणला गेलो.

दुसऱ्या दिवशी पद्माकर छाती फुगवून म्हणाला, "आता शंभर वर्षं काळजी नको!"

आजोबांनी बोट फिरवलं. थांबले. पुन्हा फिरवलं.

"हा कोणाचा?"

"तुमचाच," तनया जर्मनमध्ये पुटपुटली.

"नाही गं बाळ. माझ्या नकाशावर वाट आहे."

मी इथंच होतो, मित्रांनो! पण ओरडू कसा? भोकं अजून आहेत, प्लास्टिकच्या आत. डोळसांना सगळी दिसतात. ज्याला हवीत, त्यालाच तेवढी सापडत नाहीत.

जुन्या वस्तूचं भलं करायला हात शिवशिवले, तर आधी तिच्या माणसाला विचारा. आणि माहीत नसेल तिथं माझ्या कारागिरासारखा कागद कोरा सोडा.

आता मी आजोबांच्याच भिंतीवर लटकतो. येणारेजाणारे म्हणतात, "वा, काय जपलाय!" आजोबा रोज सकाळी टेबलाशी बसतात. टेबल रिकामं असतं.