मशीनगनचा कॉम्प्युटर

"सर, हा मी उघडू का?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून विचारलं, नाहीतर कॉम्प्युटर लॅबच्या सरांसमोर माझ्या तोंडातून 'हजर' सोडून दुसरा शब्द कधी निघाला नव्हता. खिडकीशेजारचा कॉम्प्युटर कित्येक महिने बंद होता आणि सगळ्या जणी त्याच्यावर डब्याच्या पिशव्या ठेवायच्या. सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून हातात दिला आणि म्हणाले, "उघड. बिघडलेलाच आहे, आणखी काय बिघडवशील?"

तेव्हापासून मी जी सुटले ती सुटलेच. पंख्यातली धूळ ब्रशने कशी काढायची, न बोलावता जागे होणारे प्रोग्राम कसे बंद करायचे, डिस्क गळ्यापर्यंत भरली की काय होतं, सगळं मधल्या सुट्टीत शिकले. शेजारच्या मावशींचा कॉम्प्युटर सुधारला, मग त्यांच्या जावेचा. मैत्रिणी मला मिस्त्रीणबाई म्हणायला लागल्या आणि मीही ते लगेच मान्य करून टाकलं.

आणि आमच्याच घरात मात्र जगातला सगळ्यात मंद कॉम्प्युटर.

बाबा एका छापखान्यासाठी हस्तलिखितं टाइप करून देतात, घरूनच. पूर्वी छापखान्यात बसायचे तेव्हा तिथले लोक त्यांना मशीनगन म्हणायचे. आई कधी डबा द्यायला गेली तर तिला म्हणे टाइपिंगच्या आवाजावरून जिन्यातच कळायचं की हे जागेवर आहेत. गेलं वर्षभर मात्र त्यांचं काम उशिरा जायला लागलं होतं. मालकांचा फोन आला की बाबा म्हणायचे, अहो, कॉम्प्युटर म्हातारा झालाय, मी अक्षर दाबतो आणि ते चहा पिऊन येतं. मालक हसायचे. गेल्या आठवड्यात ते हसले नाहीत. हे पुस्तक वेळेत आलं नाही तर काम दुसऱ्याला द्यावं लागेल, असं त्यांनी सरळ सांगितलं. फोन ठेवल्यावर बाबांनी कॉम्प्युटरच्या डोक्यावर हलकीशी चापट मारली.

मी जाहीर केलं की रविवारी याला ताळ्यावर आणते. आई लगेच म्हणाली, राहू दे, चालतोय ना कसातरी. मी म्हटलं, याला चालणं म्हणतात? रांगणारी बाळंसुद्धा याच्यापुढे जातील. आईनं पुन्हा एकदा नको म्हटलं, बाबांकडे पाहिलं आणि आत निघून गेली. मी ऐकणारी होते थोडीच.

रविवारी त्याला जेवणाच्या टेबलावर आडवा पाडला. आतून एवढी धूळ निघाली की एखादी उशी भरली असती. दोन अँटिव्हायरस एकमेकांवरच पहारा देत बसले होते, त्यातल्या एकाला हाकललं. बाबांनी टाइप केलेली पुस्तकं आधी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, मगच साठलेला कचरा पुसला. सरांनी एका मोडीत निघालेल्या मशीनमधली मेमरीची पट्टी दिली होती, तीही बसवली. संध्याकाळी बटण दाबलं आणि आई गॅस पेटवतेय तोवर स्क्रीन हजर.

"या, मशीनगन," मी खुर्ची ओढून दिली. "होऊन जाऊ दे."

बाबा बसले. मी त्यांच्या मागे उभी, आई दारात, हातात ओलं फडकं.

बोट टेकलं आणि त्याच क्षणी अक्षर उमटलं. मी टाळी वाजवणार तेवढ्यात सगळं थांबलं. मग एक अक्षर. मग एक चुकीचं, मग ते पुसलं. अजून काहीतरी अडतंय वाटून मी स्क्रीनकडेच बघत राहिले. मग कीबोर्डकडे पाहिलं. बाबांच्या उजव्या हाताचं एकच बोट चालत होतं, डावा हात त्याच्या मनगटाला आधार देत होता. बाकीची तीन आत वळलेली होती आणि अंगठा थरथरत होता. ते बोट अक्षर शोधायचं, त्याच्यावर येऊन थांबायचं आणि मग कसंबसं टेकायचं. स्क्रीन लख्ख, रिकामी, वाट बघत होती. इतके दिवस अक्षरं मागून यायची, त्यामुळे उशीर नक्की कोणाचा ते कुणालाच कळत नव्हतं.

"झकास झालाय," बाबा म्हणाले. "एकदम हलका." आणि त्यांनी हात टेबलाखाली घेतला.

स्वयंपाकघरात आई माझ्याकडे पाठ करून बोलली. शर्टाची बटणं गेलं वर्षभर तीच लावून देते. ती लावत असताना बाबा छताकडे बघतात, आणि तीही काही विचारत नाही.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मला तरी कुठे सांगितलंय त्यांनी?"

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर मालकांचा फोन चालू होता. ते काही घरी येऊन बघणार नव्हते. म्हणा ना बाबा, अजून तसाच आहे, मी मनातल्या मनात त्यांना शब्द पुरवत होते. बाबांनी मान वर करून मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"कॉम्प्युटर? अहो, पळतोय आता. माझ्या मुलीनं केला. सगळा उघडून, एकटीनं. हो, नववीत आहे." मग पलीकडून मालक बराच वेळ बोलले. "नाही, आता काही अडचण नाही. शुक्रवारी देतो."

वर्षभर जपलेली एकुलती एक सबब त्यांनी माझं कौतुक करण्यात खर्चून टाकली होती.

फोन ठेवून ते कामाला बसले. कॉम्प्युटरच्या पंख्याचा घरघराट आता मीच बंद केलेला, त्यामुळे खोलीत फक्त एका बोटाचा आवाज होता. टक्. मग बराच वेळ काही नाही. आई कामावरून आली, चपला काढता काढता थांबली आणि तशीच ऐकत उभी राहिली.

मी स्टूल ओढून बाबांच्या शेजारी बसले आणि त्यांचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. गार होता. त्यांनी तो सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. मी सोडला नाही.

"आई, तूही ऐक," मी म्हटलं. "बाबांचा हात चालत नाहीये. उद्या मी शाळेत जाणार नाही आणि तू कामावर जायचं नाहीस. आपण तिघं डॉक्टरकडे जाणार आहोत."