कुंडीतली काटेरिंगणी

देवाशप्पथ, आईशप्पथ, आणि तेवढ्याने भागत नसेल तर अलीगंजच्या जुन्या मारुतीची शप्पथ! यातलं एक अक्षर खोटं निघालं तर माझी जीभ झडो, आणि वर कवळीही हरवो. हसू नका. ऐका.

भाऊबीजेच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला कौमुदी लखनौतल्याच तेलीबागहून अलीगंजला आली, भावाच्या घराचं कुलूप काढायला. बरोबर लेक, सृष्टी. घर तीन महिने बंद होतं. श्रावणात सिद्धेश गेला. एकटा जीव, लग्न केलं नाही, रेल्वेत नोकरी केली आणि आईबाबांच्या माघारी याच घरात राहिला. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. पण तो कशाने गेला ते कौमुदीला पक्कं ठाऊक होतं. त्याला तिनेच मारलं होतं. फक्त त्रेचाळीस वर्षांपूर्वी.

त्याचं असं झालं. पंढरीनाथ आणि अरुणाबाई ही साताऱ्याकडची माणसं, रेल्वेच्या नोकरीपायी लखनौला रुजलेली. सिद्धेश एकुलता एक. दर भाऊबीजेला पाटावर जाऊन बसायचा आणि ओवाळायला कुणी नाही म्हणून भोकाड पसरायचा. शेवटी त्यांनी आश्रमातून पाच वर्षांची कौमुदी आणली. आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचे, "याला ओवाळायला आणलीय हो!" लोक हसायचे. कौमुदीही हसायची. पण निरांजन हातात घेतलं की तिला वाटायचं, ओवाळून झालं की आपलं काम संपलं. आता परत पाठवतील.

ती सात वर्षांची असताना, भाऊबीजेच्याच सकाळी, दोघांची जुंपली. जमघटला, म्हणजे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीच्या लखनवी पतंगबाजीत, उडवून उरलेला एक पतंग, तो कुणाचा यावरून. सिद्धेश बोलून गेला, "तू आमची नाहीसच. जा तुझ्या आश्रमात!"

कौमुदी उठली ती तडक शेजारच्या मधुमती चाचीच्या अंगणात. चाची गोरखपूरकडची. त्यांची भैयादूजची रीत ऐकाल तर अंगावर काटा येईल. अंगणात शेणाची आकृती करायची, बायकांनी ती मुसळाने कुटायची, आणि कुटता कुटता आपापल्या भावाला नाव घेऊन शाप द्यायचा. मर जा म्हणून! मग काटेरिंगणीचा काटा आपल्या जिभेला टोचायचा आणि शाप परत घ्यायचा. म्हणजे यम फसतो. याला तर आधीच मारलंय म्हणतो आणि पुढच्या दारी जातो.

बाकीच्या मुली खिदळत शाप देत होत्या. कौमुदीने दात आवळून दिला. "सिद्धेश मर जाए!" मुसळ असं आपटलं की सगळं अंगण गप्प झालं. आता काटा उचलणार, एवढ्यात अरुणाबाई हजर. "आपल्यात असलं अभद्र करत नाहीत!" म्हणाल्या, दंडाला धरून घरी नेलं आणि चूळ भरायला लावली.

शाप देऊन झाला होता. परत घ्यायचा राहिला.

हे ती कुणालाच बोलली नाही. संध्याकाळी भावाला ओवाळलं. त्याने चिवड्याला हात लावला नाही, झोंबतोय म्हणाला. पुढे दर वर्षी तेच. ओवाळायच्या आधी "थांब, आलो" म्हणून परसात जायचा, आणि मग ताटातलं तिखट काही खायचा नाही.

"दादा, जीभ लाडावलीय तुझी," ती म्हणायची.

"असू दे," तो म्हणायचा.

तर आता त्या घरात. खिडक्या उघडल्या तरी उजेड आत यायला तयार नव्हता.

"मम्मी, जल्दी करो ना. अजीब लग रहा है यहाँ."

"मराठीत बोल. मामाच्या घरात तरी."

"मामा तो खुद मुझसे हिंदी में बोलते थे!"

कौमुदी परसात गेली. तुळशीची काटकी झालेली, मोगरा जळालेला. एकच कुंडी हिरवीगार. काटेरिंगणी! लोक गुलाब लावतात, हा रानातलं तण लावतो, म्हणून सगळे सिद्धेशला हसायचे. कुंडीतली माती ओली होती. खालून पाणी अजून ठिबकत होतं, शेजारचा नळ बारीक चालू होता. आणि एका पानावरचा काटा नुकताच कुणीतरी मोडलेला होता.

"कौमुदी बिटिया?" भिंतीपलीकडून मधुमती चाचीचा आवाज आला. आता ऐंशीच्या पुढची, काठीवर चालणारी. "नल तो सुबह से चल रहा था तुम्हारे यहाँ. मैंने सोचा, तुम आ गई."

"चाची, मैं तो अभी आई हूँ. ताला मैंने ही खोला."

चाचीने भिंतीवरून कुंडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तो वही होगा. आज का दिन वो कभी नहीं भूला."

आणि तिने सांगितलं. त्या दिवशी अरुणाबाईंनी कौमुदीला नेलं, आणि घटकाभरात सिद्धेश भिंतीवरून उडी मारून आला. नऊ वर्षांचं पोर. त्याने सगळं ऐकलं होतं. "चाची, उसने काँटा नहीं चुभाया. मैं चुभा लूँ तो चलेगा?" चाचीने थट्टा केली, "बहन के बदले भाई चुभाए तो हर साल चुभाना पड़ता है, लल्ला." पोराने ते खरं धरलं. दर भाऊबीजेला. न चुकता.

"मरने से इतना डरता था?" कौमुदीने विचारलं.

"अरी पगली! मैंने भी यही पूछा था एक बार. बोला, मैं मर गया तो वो समझेगी उसने मारा है." चाचीने काठी आपटली. "पिछले साल भी चुभाया, मेरी आँखों के सामने. वो अपनी मौत मरा है, बिटिया. तेरी दी हुई नहीं."

तेवढ्यात आतून सृष्टी ओरडली, "मम्मी! ये पाट किसने बिछाया?"

तेराव्यानंतर कौमुदीने स्वतःच्या हाताने पाट भिंतीशी उभा करून ठेवला होता. आता तो देवघरासमोर मांडलेला होता, पूर्वेला तोंड करून. सृष्टीने हात लावला आणि झटकन मागे घेतला. "गरम है!" कौमुदीने आत येऊन तळवा टेकला. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखा पाट ऊबदार होता.

वर्षाच्या आत सण करत नाहीत. तरी तिने निरांजन लावलं. कुंडीतला एक काटा तोडला, जीभ बाहेर काढली आणि टोचला. टचकन पाणी आलं डोळ्यांत.

"घेतला परत, दादा," ती म्हणाली. "आता तू नको टोचूस."

परसातला नळ करकरत बंद झाला. सृष्टी आईला चिकटली.

भाऊ नसला की चंद्राला ओवाळायचं, ही आपली रीत. कौमुदी ताट घेऊन गच्चीवर गेली. समोर बिजेची कोर, कापून ठेवलेल्या नखाएवढी. तिने ओवाळलं, अक्षता टाकल्या आणि पोटभर रडली.

आता शप्पथ घेतलीय, तर सांगून टाकते. चंद्राचं मी पदरचं घातलं. फटाक्यांच्या धुराने त्या दिवशी लखनौला आभाळच नव्हतं, कोर कुठली दिसायला? तुम्ही घाबराल म्हणून घातला मी चंद्र. कौमुदी गच्चीवर गेलीच नाही. तिने तिथेच, त्या पाटाला ओवाळलं. मूठभर अक्षता टाकल्या. मागाहून सृष्टी केरसुणी घेऊन आली, तर झाडायला एक दाणा सापडला नाही.