न उतरवलेल्या तारा

"आवं, तारा ढिल्या करा की. पुण्याला धाडताना करता, मग लंडनला का न्हाई?" रहिमतबी दारातून म्हणाली.

हुसेनभाई नुसते हसले. मिरजेत तंबोरे करण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि प्रवासाला निघालेल्या तंबोऱ्याच्या तारा उतरवायच्या, नाहीतर त्यांच्या ताणाने लाकूड तडकतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण आजची गोष्ट वेगळी होती. सांगलीच्या वकिलांची चारुलता मुंबईहून विमानाने लंडनला निघाली होती. उतरल्या दिवशीच संध्याकाळी तिचं गाणं होतं आणि साथीला हाच तंबोरा होता.

"अगं, आगबोट असती तर तीन आठवडं. ह्ये इमान हाय. पाच हजार मैल, आन् एक दिस, एक रात. कैरोला च्या प्यायचा, की निम्मं सपलं. आन् आभाळात कुठं खड्डं हायती हादरं बसायला?"

हे आभाळातल्या खड्ड्यांचं शास्त्र त्यांनी सकाळपासून अख्ख्या गल्लीला ऐकवलं होतं. खरी गोष्ट मात्र कोणालाच सांगितली नव्हती. त्यांचे तंबोरे आजवर कुठे कुठे गेले, पण तारा उतरवून गेले. पोचल्यावर ते कोणीतरी परक्यानेच लावले. आपण लावलेला षड्ज दूरच्या गावी कोणी ऐकला नाही, ही सल त्यांच्या मनात घर करून होती. आता तो सातासमुद्रापार वाजणार होता. त्या आनंदात त्यांना जेवणखाणही सुचेना.

चारुलता न्यायला आली तेव्हा त्यांनी तंबोरा तिच्या पट्टीत, काळी चारमध्ये लावून तिच्या हाती दिला. ती छेडत राहिली आणि दोघंही बराच वेळ नुसती ऐकत बसली.

"ताई, खुंटीला हात लावू नगा. गवसणी काढायची आन् गायचं."

"नाही लावणार, चाचा."

गाण्याच्या दिवशी हुसेनभाई धुतलेला सदरा घालून दुकानात बसले.

"तुमालाच बोलावलंय जणू," रहिमतबी म्हणाली.

"सूर तर माजाच हाय की."

दिवाळीच्या आधी चारुलता परत आली, ती तंबोरा घेऊनच. हुसेनभाईंनी गवसणी काढली. भोपळ्यावरची लाकडी तबली या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली होती.

"वर फार गारठा होता, चाचा. कैरोच्या अलीकडेच कडकन आवाज आला. तरी मी खुंटीला हात लावला नाही. तुम्ही सांगितलं होतं ना."

"मग गानं?"

"गायले की. तंबोऱ्याशिवाय. इथे ऐकलेला तुमचा सा कानात होता, तोच धरून गायले."

रहिमतबी चहा टाकायला आत गेली. हुसेनभाईंनी तंबोरा मांडीवर आडवा घेतला. तारा अजून ताणलेल्याच होत्या. त्यांनी एकेक खुंटी हळूहळू उलटी फिरवली आणि चारही तारा उतरवल्या.