सोनेरी रंगाखालचा खांब

मी एक जुना ओतीव लोखंडाचा खांब आहे, आणि मित्रांनो, सध्या मला माझीच किळस येते.

माझा जन्म इंग्रजांच्या काळातला. मलबार हिलवरच्या एका श्रीमंत बंगल्याचा व्हरांडा मी आणि माझ्या पाच भावांनी तोलून धरला होता. माथ्यावर नक्षीची पाने, पण आतून मी पोकळ. छपराचे पाणी माझ्या पोटातून उतरायचे आणि पायाशी ठेवलेल्या भोकातून बाहेर पडायचे. उत्तनचे रंगारी आल्बर्ट दर मे महिन्यात यायचे, त्या भोकात हात घालून कुजका पाला काढायचे आणि मगच रंगाचा डबा उघडायचे.

२००४ साली बंगला पाडला. भाऊ भंगारात गेले. मला मीरा रोडच्या एका बिल्डरने उचलले, कारण त्याला इमारतीच्या गेटला ‘व्हिक्टोरियन लूक’ हवा होता. कसला लूक नि कसले काय. शेजारी प्लास्टरचे दोन सिंह, त्यांच्या नाकाचे पोपडे निघालेले. मला गेटच्या छपराखाली टेकू म्हणून उभे केले आणि सोनेरी ऑइलपेंट फासला. येणारे-जाणारे माझ्यावर पानाच्या पिंका टाकतात. शी! तेही मी सोसले असते. पण पायाशी संगमरवर बसवताना कारागिरांनी माझे भोकच बुजवून टाकले. गेटच्या छपराचे पाणी तेव्हापासून माझ्या पोटात सडते आहे.

गेल्या महिन्यात सोसायटीने रंगकामाला नेमके आल्बर्टनाच बोलावले. त्यांनी मला पाहताक्षणी ओळखले. बोटांनी वाजवून पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. सेक्रेटरी गुणवंतभाईंना ते म्हणाले, “याच्या पोटात पानी हाय. गंज आतून खातोय. खालची फरशी फोडा, न्हायतर हा पडल.”

गुणवंतभाई हसले. “अंकल, इटालियन मार्बल आहे ते. तुम्ही फक्त वरून गोल्डन मारा ना.”

आल्बर्ट डबा न उघडताच निघून गेले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कुणीतरी मला रंगवले.

मित्रांनो, तुम्ही रोज सकाळी दप्तरे घेऊन स्कूलबससाठी माझ्याच छपराखाली उभे राहता. काल माझ्या पायाशी आतून चीर गेली. रंगामुळे ती कुणाला दिसत नाही, आणि मला ओरडता येत नाही. जुन्या वस्तूला रंग फासण्याआधी तिच्या आत काय चालले आहे ते बघा, असे घरी मोठ्यांना सांगा. ते ऐकेपर्यंत बसची वाट रस्त्यापलीकडे उन्हात उभे राहून पाहा. माझ्याजवळ येऊ नका.